तांब्याभर पाणी

बाबा, कोंबडा वाचला. आधी तेवढं सांगते, बाकीचं सावकाश. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली, आणि एवढी आनंदाची गोष्ट ज्याला सांगावी तो माणूस तुमच्याशिवाय दुसरा कुणी नाही, म्हणून दुकानातल्या जुन्या वहीत लिहायला बसले आहे. होय, दुकान. मालवणच्या बाजारात माझं नळ-पाइपांचं दुकान आहे आणि सिंक बसवायची कामंही मी घेते. बाईमाणसाला पाइपातलं काय कळणार म्हणून हसणारेच आता माझ्याकडे वॉशर मागायला येतात.

आपल्या वाडीच्या टोकाचं ते मुंबईकरांचं घर तुम्ही विसरणं शक्य नाही. वर्षातले दहा महिने बंद. अठ्ठ्याण्णव साली तुम्ही तिथे वाडीतलं पहिलं सिंक बसवलंत. तोवर मासळी मागीलदारी दगडावर धुवायची आणि पाणी माडाच्या आळ्यात सोडायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तुम्ही चिऱ्याच्या भिंती बांधणारे गवंडी, हे काम गोव्यात बघून शिकलेले, आणि त्याचा तुम्हाला केवढा तोरा! सिंकाखालचा पाइप सरळ का नाही, वाकडा का, असं मी विचारते तर तुम्ही मला आपल्या स्वयंपाकघरात घेऊन बसता. लेव्हल काढायची तुमची ती पारदर्शक नळी वाकवून धरता, विडीचा झुरका घेता आणि एका टोकातून हळूच धूर सोडता. धूर दुसऱ्या टोकातून थेट माझ्या नाकात. मग वाकणात थोडं पाणी ओतून पुन्हा धूर सोडता, तर तो पाण्याशी येऊन थांबतो. "बघ गो बाय," तुम्ही म्हणता, "ह्या पाणी म्हणजे दार. बाकीचा पाणी खाली जाता, पण इतक्या हंयच रवता. तां आसा तोपर्यंत खड्ड्यातलो वास वर येवचो नाय. सुकला, की दार उघडा." म्हणून बंद घराची किल्ली माझ्या हातात आली. दर आयतवारी जायचं, सिंकात एक तांब्या पाणी ओतायचं आणि परत यायचं. दहा वर्षांच्या मुलीला तुम्ही एवढं मोठं काम दिलंत.

मे महिन्यात मुंबईकर आले आणि स्वयंपाकघरात शिरताच सगळ्यांनी नाकं धरली. मालकांच्या आईने उभ्या उभ्या निकाल दिला, "जाग्याचो देवचार कोपलो. त्येच्या वाटेर मोरी केलास." जागेच्या राखणदाराला कोंबडा दिला, गाऱ्हाणं घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वास बंद! बंद होणारच होता, सकाळ-संध्याकाळ भांडी घासून पाणी पडत होतं की. पण श्रेय गेलं कोंबड्याला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. तुम्ही मला विचारलंत, "पाणी वतलंस मा गो?" मी म्हणाले, "वतलंय." मग तुम्ही तो ट्रॅप, म्हणजे सिंकाखालचा वाकडा पाइप, तीनदा उघडलात, वॉशर बदललात, उताणे पडून बॅटरीच्या उजेडात सांधा न् सांधा तपासलात. शेवटी कपाळाचा घाम पुसत म्हणालात, "पाणी वतून पण वास येता, म्हणजे खंय तरी माझाच चुकला." त्यांनी सिंक उखडून टाकलं. त्यानंतर वाडीत कुणी तुम्हाला सिंकाचं काम दिलं नाही. तुम्ही पुन्हा चिऱ्यांवर गेलात. शेवटच्या आजारात पडल्या पडल्या बोटाने हवेत ते वाकण काढायचात, ते मला बघवत नसे.

आता ऐका. मालकांना त्याच घरात पर्यटकांसाठी खोल्या करायच्या होत्या. दिवाळीनंतर मीच तिथे सिंक बसवलं. किल्ली या वेळी दुसऱ्यांकडे होती. परवा मुंबईकर आले आणि मालकांचा फोन, "तुमच्या घराण्याला सिंक लाभत नाही बहुतेक. उद्या पाहुणे येतायत." मी तुमची नळी काखेत मारून गेले. पडवीच्या खांबाला कोंबडा बांधलेला, शेजारी मालकांची आई, आता पार म्हातारी आजी झालेली, भोवती निम्मी वाडी. म्हटलं, "आजी, कोंबो हंयच ऱ्हवांदे. माका अर्धो तास दी."

मालकांनाच सिगरेट ओढायला लावली. कोरड्या नळीतून त्यांच्या आईच्या नाकात धूर. पाणी ओतल्यावर धूर नाही. मग सिंकाखालचा ट्रॅप खोलून सगळ्यांपुढे उलटा केला. थेंब नाही, फक्त एक मेलेलं झुरळ. पुन्हा बसवला, वरून तांब्याभर पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या आणि सांगितलं, आता चहा करा. चहा झाल्यावर आजी आत गेल्या आणि नाक पार सिंकात घालून हुंगू लागल्या.

"नाय गो. खराच नाय!" मग पदराने नाक पुसत माझ्याकडे आल्या. "म्हणजे तुझो बापूस सांगी होतो तांच खरा. शाणो होतो गो. आमी उगाच त्येका नावां ठेवली." आणि मुलाकडे वळून, "त्या कोंब्याक सोड रे!"

बाबा, कोंबडा कुंपणाच्या गडग्यावरून असा पळाला! सगळी वाडी हसली. मी हसता हसता रडले, आणि नळी डोक्यावर पागोट्यासारखी गुंडाळून घरी आले. कालपासून दुकानात एकच विषय. आचऱ्याहून एक बाई फक्त विचारायला आली, घर बंद करताना काय करायचं. तांब्याभर पाणी, वर चमचाभर खोबरेल, म्हणजे लवकर सुकत नाही, मी सांगते. आणि माझ्या बाबांचं काम आहे हे, असंही सांगते, कुणी विचारो न विचारो.

एक राहिलं. निघताना आजींनी विचारलं होतं, "मगे तेव्हा पाणी कोण वती होता?" मी नळी गोळा करायला वाकले आणि ऐकलंच नाही असं केलं. त्या बंद घरात पाऊल टाकायला मला भीती वाटायची, बाबा. मलाही तो देवचारच दिसायचा. फाटकाशी जास्वंदीच्या मुळात तांब्या रिकामा करायचे आणि परत यायचे. तुम्ही रिकामा तांब्या बघून मान डोलवायचात. हे पान मी तुमच्या नळीच्या वेटोळ्यात ठेवते आहे, ते कुणी वाचणार नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी एकदाही ओतलं नव्हतं.