नऊ वाजून दहा मिनिटं

सोमवार, ३ मार्च
निकालाच्या दिवशीच कॉलेजचा सर्व्हर कुणीतरी बंद केला. प्राचार्या नाइगागा मॅडमनी मला बोलावलं. कुणी कोणती कमांड दिली आणि कधी, हे तारीख-वेळेसकट मशीनच्या हिस्टरीत दिसलं पाहिजे; शुक्रवारी दाखवा, म्हणाल्या. विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, हेही म्हणाल्या. काम दहा मिनिटांचं. उरलेल्या आठवड्यात सत्काराचं भाषण लिहावं.

मंगळवार, ४ मार्च
सगळ्यांना लागू होणाऱ्या फाइलीत तारीख-वेळ दाखवण्याच्या दोन ओळी घातल्या. कुणालाच लागू झाल्या नाहीत. सहकारी मुधासी म्हणाला, लोकांना लॉगआउट करून परत यायला सांग. सांगितलं. निम्मे लॉगआउट करून जेवायला गेले ते आलेच नाहीत.

बुधवार, ५ मार्च
कालच्या ओळी लॉगिन करणाऱ्यांना लागू, नुसती नवी विंडो उघडणाऱ्यांना नाही. त्यांची फाइल वेगळी! लिनक्स बनवणाऱ्यांचा गलथानपणा. तिथेही ओळी घातल्या. तर आता प्रत्येकाच्या फोल्डरमधली स्वतःची फाइल माझं म्हणणं खोडून काढते. माझ्या घरीही हेच चालतं.

गुरुवार, ६ मार्च
सेटिंगला कुलूपच घातलं. कुणाच्या बापाला बदलता येणार नाही. विंडो उघडली की एरर येते, एवढंच. अकाउंट्सचे बालिकोवाकाका धापा टाकत आले, व्हायरस शिरला म्हणाले. मी त्यांना सांगितलं, यालाच सुरक्षा म्हणतात.
शर्ट इस्त्रीला दिला. नाक्यावरचं रोलेक्स, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, खाल्लं नाही. अंड्याचा डाग पडला तर?

शुक्रवार, ७ मार्च
मॅडमसमोर हिस्टरी उघडली. तारीख-वेळ झळकली. फक्त जुन्या कमांडची वेळ मशीनने कधी नोंदलीच नव्हती. म्हणून दोन वर्षांच्या सगळ्या कमांडवर मी आज विंडो उघडली तीच वेळ: सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. सर्व्हर बंद करण्याचीसुद्धा.
मॅडम शांतपणे म्हणाल्या, "किरुंडा, नऊ दहाला इथे तुम्ही एकटेच होतात ना?"
जितकं समजावलं तितका खोलात गेलो. शेवटी मुधासीने सोडवलं. सर्व्हर बालिकोवाकाकांनी बंद केला होता, आपलं मशीन समजून. सोमवारीच चहा पिताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं.
मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"
"तू विचारलंस कुठे? तू तर भाषण लिहीत होतास."

शनिवार, ८ मार्च
विभागप्रमुख मुधासी झाला. त्याचा पहिला हुकूम: माझ्या सगळ्या ओळी काढून टाकायच्या, मीच. शोधतो आहे.
सोमवारपासून चहाला जायचं ठरवलंय. आजवर कुणी बोलावलं नाही. संकोच वाटत असेल त्यांना.