चिमणाबाईंना पाणी सांडू देण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता (देखभाल),
पारिजात कर्मचारी वसाहत, सातपूर, नाशिक.

अर्जदार : रवी काळू भोये, कनिष्ठ लिपिक, खोली क्र. बी-११.

विषय : गळका गिझर बदलून मिळणेबाबत, ते न जमल्यास पाणी सांडू देण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपला तपासणी अहवाल, शेरा : 'गळती आढळून आली नाही.'

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, त्याच्या न्हाणीघरातील शासकीय गिझर पावसाळ्यापासून बुडातून गळत आहे. वीज बंद केली आहे. गिझरचा कॉक गंजून बसला आहे, आणि वरचा मुख्य कॉक बंद केला तर अख्ख्या इमारतीचे पाणी जाते. 'शासकीय मालमत्ता, विनापरवाना हात लावू नये' अशी पट्टी असल्याने बाहेरचा प्लंबर हात लावत नाही. सरकारी काम नि सहा महिने थांब, ही म्हण अर्जदारास मान्य आहे. तो स्वतः लिपिक आहे.

२. भाताची लावणी आटोपल्यावर अर्जदाराची आई, श्रीमती चिमणाबाई, हरसूलच्या पुढच्या पाड्यावरून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्याच्याकडे आली. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन चांगले झाले. डॉक्टरांनी बजावले की वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही. अर्जदार कचेरीत, पत्नी मीना कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणून दिवसा आई घरात एकटी असे.

३. आईचा जन्म डोक्यावर हंडे वाहण्यात गेला. चांगले पाणी मोरीत जाताना तिला बघवत नाही. तिने गिझरखाली बादली लावली, मग पातेली, कुकर, मीनाची कणकेची परात. भरलेली बादली उचलून ती जिना उतरून खालच्या उज्ज्वलाताईंना नेऊन देई. अर्जदार रागावला तेव्हा म्हणाली, "पानी सरकारचं हाय. वाया गेलं तं तुला धरतील. नोकरी जाईल तुजी." पाणी सांडल्यामुळे कोणा लिपिकाची नोकरी गेल्याचे ऐकिवात नाही, असे अर्जदाराने परोपरीने सांगितले. त्यावर तिने विचारले, "हे तू म्हनतो. तुजा साहेब म्हनतो का?"

४. अर्जदाराच्या तक्रारीवरून आपले कर्मचारी पाहणीस आले, त्याबद्दल तो आभारी आहे. त्या वेळी तो कचेरीत होता. साहेब येणार हे कळताच आईने भांडी पलंगाखाली सरकवली, फरशी कोरडी केली आणि आपल्या जुन्या लुगड्याची घडी गिझरच्या बुडाला आवळून बांधली. आपल्या कर्मचाऱ्यांना ती म्हणाली, "कायबी गळत नाय साहेब, समदं झ्याक हाय." त्यांनी डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले. त्यांची चूक नाही, आणि आई लेकाची नोकरी वाचवत होती, म्हणून तिचीही नाही.

५. पुढच्याच आठवड्यात ते ओले लुगडे सोडताना तुंबलेले पाणी आईच्या तोंडावर आले. डोळा लाल झाला तरी तिने दोन दिवस सांगितले नाही. दवाखान्यात नेले तोवर उशीर झाला होता. उजवा डोळा गेला. त्या दिवसापासून अर्जदारास राग येत नाही आणि रडूही येत नाही. तो डबा घेऊन कचेरीत जातो, परत येतो. मीना म्हणते हे लक्षण बरे नव्हे. असेल.

६. त्यानंतर न्हाणीघराला दिवसा कुलूप असते. आई उंबऱ्याशी बसते आणि मोरीत न जाता दाराखालून येणारे पाणी फडक्याने टिपून बादलीत पिळते. फडके काढून घेतले तर पदराने टिपते. गावी पाठवावे तर तिकडे तपासणीची सोय नाही. येत्या सोमवारी तिच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. तिच्याकडे आता तेवढाच डोळा उरला आहे.

७. सबब विनंती की, सोमवारपूर्वी गिझर बदलावा किंवा अर्जदारास तो उपटून टाकण्याची मुभा द्यावी. हे नियमात बसत नसल्यास सोबतच्या मसुद्यावर कृपया सही करावी. आईला वाचता येत नाही, अर्जदार वाचून दाखवील. मात्र शिक्का मोठा आणि गडद उमटवावा. लेक खोटे वाचतो अशी तिला शंका येऊ नये.

कळावे,

आपल्याच खात्याच्या छताखाली राहणारा नम्र अर्जदार,
(सही)
रवी काळू भोये
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) तपासणी अहवालाची प्रत.
२) दवाखान्याच्या कार्डाची प्रत.
३) सहीसाठी मसुदा, खालीलप्रमाणे :

'श्रीमती चिमणाबाई काळू भोये यांस कळविण्यात येते की, बी-११ मधील पाणी सरकारचे आहे आणि ते वाया जाऊ द्यायला सरकारची हरकत नाही. रवीची नोकरी जाणार नाही. आपण उठून पलंगावर बसावे.'