उंबरगावचा पदर

आई,

काल धाकट्या नातीला कॉलेजच्या कार्यक्रमासाठी साडी नेसवत होते. तिला गुजराती पद्धतीचा पदर हवा होता, उजव्या खांद्यावरून पुढे आणलेला. मी पिना तोंडात धरल्या आणि हात आपले आपणच चालू लागले. तिनं विचारलं, "आजी, तू हे कुठे शिकलीस?" मी तोंडातल्या पिनांकडे बोट दाखवलं. तू गेल्याला इतकी वर्षं झाली की आता तुझा आवाज आठवायला डोळे मिटावे लागतात. तुझ्या हातांचं तसं नाही, ते माझ्याच हातांत उतरलेत. रात्रभर ते गिरगाव, तो जिना आणि ती दुपार डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी हे लिहायला बसले.

आपली खोली जिन्याला लागून होती आणि तुझं शिवणाचं मशीन दाराशी, उजेडाला. वाडीत कोण कोण राहतं हे मला कुणी सांगितलं नाही, तुझ्याजवळ काजं-बटणं करता करता कळलं. पुढे गाठ मारायच्या चोळ्या कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या. झगे खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती बायकांचे. मागे उघडी, बंदांची झंपरं समोरच्या खोलीतल्या गुजराती बेनच्या सासूची, आणि बेनची स्वतःची जरा नव्या वळणाची. वरळीच्या चाळीतून एक बाई यायची. एके वर्षी तिनं घरातल्या सगळ्या बायकांची पोलकी पांढऱ्या कापडाची शिवून नेली आणि धम्मदीक्षेला जायचंय म्हणून ताठ मानेनं सांगितलं. सगळ्यांची मापं तुला पाठ होती. पण तू स्वतः कुठली, हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर तू "कोकणातली" म्हणून विषय मिटवायचीस. ही युक्ती बाबांची. उंबरगाव म्हणजे उत्तर कोकणच, खोटं कुठाय, असं ते म्हणायचे.

तुझं ते माहेर, उंबरगाव, तू मला फक्त दार लोटून घेतल्यावर सांगायचीस. एका टोकाला पडलेलं गाव, पुढे समुद्र आणि मागे रान. किनाऱ्याला मांगेल्यांच्या होड्या, ताडांवर भंडारी, चिकूच्या वाड्या पारशांच्या, बाजारात वाण्यांची नि बोहऱ्यांची दुकानं, आणि रानातून डोक्यावर मोळ्या घेऊन येणारे वारली. बोलणं मराठीत सुरू व्हायचं, भाव गुजरातीत ठरायचा आणि भांडण कुठल्या भाषेत पोचेल याचा नेम नसायचा. तू बाजाराला निघालीस की पदर पुढे, देवळात निघालीस की मागे. हे सांगताना तू हसायचीस. "आमच्याकडे माणूस कोण ते सगळ्यांना माहीत असायचं, म्हणून कुणी विचारायचं नाही," असं म्हणायचीस. लग्न होऊन गिरगावात आलीस त्या दिवसापासून तुझा पदर मागेच राहिला. गुजराती तेवढी उरली होती, तीही बेनच्या स्वयंपाकघरात, ढोकळ्याच्या वाफेत. तुम्ही दोघी तिथे काय बोलता ते कळायला लागलं तेव्हा मला तुझा हेवाच वाटला होता.

मग ते दिवस आले. मुंबईसह महाराष्ट्र आपल्यालाही हवा होता, हे तुला वेगळं सांगायला नको. बाबा सत्याग्रहात पकडले जाऊन तुरुंगात होते आणि मी स्वतः गॅलरीत उभी राहून घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या आहेत. बेळगाव, कारवार, डांग आणि उंबरगाव. शेवटचं नाव आलं की मी हळूच तुझ्याकडे बघायची, आणि तू मशीनचं चाक जरा जोरात फिरवायचीस. पण त्या हिवाळ्यात वाडीची हवा बदलत गेली. गोळीबाराच्या बातम्या यायच्या, जळक्या रबराचा वास कपड्यांना चिकटून राहायचा, आणि गॅलरीतून जाणारी माणसं बेनच्या दाराशी आली की बोलणं थांबवायची. एक दिवस तिच्या दारावर कोळशाची फुली दिसली. तू केर काढता काढता ओल्या फडक्यानं ती पुसलीस. दुसऱ्या दिवशी परत होती. तू परत पुसलीस. कोण काढतंय हे तू विचारलं नाहीस आणि बेननंही विचारलं नाही. तुमचं ढोकळ्याचं बोलणं मात्र त्या आठवड्यात बंद झालं.

ती दुपार आजही माझ्यासमोर उभी आहे. ट्राम बंद, दुकानं बंद, बेनचे यजमान भुलेश्वरला त्यांच्या दुकानात अडकलेले. पलीकडच्या प्रसूतिगृहातून निरोप येतो की बेनच्या मुलीला कळा सुरू झाल्यात आणि पोरीचं काही खरं नाही, आईला लवकर पाठवा. बेन दारात उभी आहे आणि तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. तू पेटी उघडतेस, तुझं हिरव्या काठांचं पातळ काढतेस आणि तिला आपल्या खोलीत ओढून घेतेस. तिची साडी उतरवून ते नेसवतेस, पदर उजव्याऐवजी डाव्या खांद्यावर टाकतेस, मागे सोडतेस, पिनेनं पक्का करतेस. मला कळतं की हे तू एकदा स्वतःवर केलेलं आहेस. मग मला म्हणतेस, चप्पल घाल, मूल बरोबर असलं की लोक कमी बघतात.

रस्त्यावर दगड पडले होते आणि माणूस दिसत नव्हतं. आपण झपझप चाललो होतो. नाक्यावर मुलं उभी होती, दोन-तीन आपल्याच वाडीतली. त्यांनी तुला ओळखलं, बेनलाही ओळखलं असणार, पण ती बाजूला सरली, आणि आपण निघून गेलोही असतो. पण बेनचा हात सारखा उजव्या खांद्याकडे जात होता, तिथे नसलेला पदर सावरायला. जन्माची सवय ती. वाडीबाहेरच्या एकाला ते दिसलं. त्यानं काठी आडवी धरली आणि विचारलं, "काकी, या कोण?"

"माझ्या माहेरच्या आहेत," तू म्हणालीस.

"मग त्यांना बोलू दे की."

बेन बोलली. न बोलून भागणार नव्हतं. "मारी दीकरीला बाळ होणार हाय, भाई. जाऊ दे." मला माझे कान झाकून घ्यावेसे वाटले. कुणीतरी हसलं. काठी हलली नाही.

"माझं माहेर उंबरगाव," तू म्हणालीस. इतक्या वर्षांत वाडीतल्या कुणासमोर तू ते नाव पहिल्यांदा घेतलंस. "रोज ओरडता ना त्याच्या नावानं? तिथली माणसं अशीच बोलतात. मीही अशीच बोलायची. गाव हवंय, तर ही माणसंही घ्यावी लागतील."

काठी खाली गेली. एकजण म्हणाला, जाऊ दे रे, हिचा नवरा आत आहे. आपण पुढे निघालो. पण कोपऱ्यात आपल्या वाडीतला उंच मुलगा उभा होता, ज्याचा गणपतीचा सदरा दर वर्षी तू शिवायचीस. तो फक्त तुझ्याकडे बघत होता, आजवर पाहिलंच नसल्यासारखा. आपण वळेपर्यंत तो बघतच राहिला. मला अजून कधीकधी ती नजर पाठीवर जाणवते.

बेनला नातू झाला. मुलगीही वाचली. रात्र प्रसूतिगृहाच्या बाकावर काढून आपण सकाळी परतलो. महिन्याभरात बेनच्या घरानं सुरतेकडे बस्तान हलवलं. तुला आठवतं, जाताना ती तुझ्या मशीनला हात लावून गेली. पुढे राज्य झालं, वाडीत पेढे वाटले, आपल्या दारी पेढ्यांचा पुडा घेऊन तोच उंच मुलगा आला. तू विचारलंस, "आणि उंबरगाव?" तो म्हणाला, "ते तिकडे गेलं, काकी. पण मुंबई मिळाली ना." तू अर्धा पेढा खाल्लास, उरलेला मला दिलास आणि त्याला पाणी विचारलंस. त्या वर्षीही त्याचा सदरा तूच शिवलास. शेवटपर्यंत तू अभिमानानं सांगत राहिलीस की एवढं झालं, तरी आपल्या दाराला कुणी हात लावला नाही, वाडी आपली होती.

हे पत्र मी मशीनच्या खणात ठेवणार आहे, तुझ्या जुन्या बॉबिनांपाशी. दुसरीकडे कुठे ठेवू? तू असतीस तरी दिलं नसतं, आणि ते याच एका गोष्टीमुळे. प्रसूतिगृहातून परतलो त्या सकाळी नळाचं पाणी जाईल म्हणून तू खालच्या बिऱ्हाडाची घागर घेऊन तशीच धावलीस. बेन आणि मी वर आलो. तिच्या दारावर फुली होतीच. आपल्याही दारावर होती, मोठी, ओली असावी इतकी काळी. बेननं माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि अंगावरच्या तुझ्या पातळाच्या पदरानं आधी तुझं दार पुसलं, मग स्वतःचं. तू घागर घेऊन वर येईपर्यंत तिथे काही उरलं नव्हतं. दुपारी तू ते पातळ धुवायला घेतलंस आणि कुरकुरलीस, "कोळसा कुठे लावून आली कोण जाणे." मी शेजारी बसून पाणी ओतत होते. डाग पुरता गेला नाही, आणि ते पातळ तू पुढे किती तरी वर्षं नेसलीस.