काळ्या खुंटाला पाणी

धायरी, पुणे
७ जून २०२५

प्रिय आमू,

सप्रेम जयभीम.

गुडघा कसा आहे? तुझा आयुष वेळेवर जेवतो ना? नागपूरचं ऊन उतरलं का? शाळेत सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी समोरच्याची चौकशी, मग आपलं. म्हणून थांबले, नाहीतर पहिल्याच ओळीत ओरडले असते.

मी बरी आहे. आंबे संपत आले. रोज सकाळी टेकडीवर जाते.

हो, टेकडीवर. मार्चमधल्या वणव्यानंतर 'तिचं नाव काढू नकोस' म्हणून तू आयुषकडे निघून गेलीस. तुझे वैजनाथराव गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू लावलेला पळस त्यात जळाला होता ना.

पण ऐक ना! राखेतून आधी दर्भासारखं गवत डोकावलं. मग मोकळ्या काळ्या जमिनीवर टिटवीनं अंडी घातली. आम्ही टेकडीवरच्या रोपांना पाणी घालणारे सगळे आता त्या बाजूने जातच नाही, इतकी ओरडते. वळवाचे दोन पाऊस झाले आणि जमिनीतल्या कंदांना पांढरी फुलं आली. सगळं परत आलं नाही, आमू. चंदनाची रोपं गेली ती गेलीच.

पळसाच्या खुंटाला मी रोज बाटलीभर पाणी घालत होते. आमच्या पाणी घालणाऱ्यांतले तात्याराव म्हणाले, "सुनीतीताई, लाकडाला पाणी घालून फर्निचर उगवत नसतं." मागच्या आठवड्यात ते कुदळ घेऊनच आले, तिथे नवं रोप लावायचं म्हणून. मी खुंटाशेजारी फतकल मारून बसले.

"अहो, उठा."

"नाही उठत."

"मग तुम्हालाच आळं करतो!"

हसता हसता मी हात टेकला, तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. खुंटाच्या बुडाशी, मातीतून वर आलेला कोंब! तपकिरी, मखमली, तान्ह्या बाळाच्या कानासारखी पानं. वर सगळं जळालं तरी मूळ खाली जिवंत होतं. तात्यारावांनी कुदळ ठेवली आणि भोवती दगड रचले. मग चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

जाताना तू वैजनाथरावांची हिरवी बाटली माझ्या ओट्यावर सोडून गेलीस. पळसासाठी तीच नेते. बाकीच्या रोपांना माझी वेगळी. दोन्ही घेऊन चढताना आता दम लागतो गं.

एक बाटली तुझ्यासाठी राखून ठेवणारी,
तुझी ताई