दिवस मावळायच्या आत मी मावळलो

ती. मावशीस साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर आडवा झालो तर पत्र राहून जाईल).

तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला? मी खुशाल आहे, अब्रू तेवढी खुशाल नाही, आणि तेच सांगायला बसलोय.

बदलीच्या गावी करमतं का, असं विचारलंस. अगं, देश एक, घड्याळ एक, पण सूर्याला कोण सांगणार? आपल्याकडे पूर्वेच्या टोकाला तो साडेचारलाच खिडकीत हजर. इथे पश्चिमेच्या टोकाला सहाशिवाय तोंड दाखवत नाही आणि संध्याकाळचे साडेसात वाजले तरी जायचं नाव काढत नाही. माणसंही त्याच्याच तालावर. दहाला जेवतात, एकला झोपतात. आणि तुझ्या शिस्तीत वाढलेला मी साडेसातलाच जांभया देतो! (छापखान्यात तपासायची मुद्रितं म्हणूनच पहाटे उरकतो.)

तिथे बांधणी विभागात एक मुलगी आहे (हो, तीच, जिच्याबद्दल फोनवर ‘कुणी नाही गं’ म्हणालो होतो). तिचे वडील घड्याळं दुरुस्त करतात. दिवस मावळला की जेवायला या, असा त्यांचा निरोप आला. मागणी घालायची हीच संधी, म्हणून मी आपल्या सवयीने साडेपाचला दारात! वडील बनियनवर, आई बाजारात, मुलगी कामावर. पुढे दोन तास आम्ही दोघं समोरासमोर, भिंतीवर एकवीस घड्याळं टिकटिकतायत आणि ऊन थेट माझ्या तोंडावर. गुंगी येईल नाहीतर काय? शेवटी माझ्यासाठी लवकरच पानं मांडली, वडील म्हणाले, ‘‘बोला, काय बोलायचं होतं?’’ वाक्य पाठ होतं गं! नीट आठवावं म्हणून डोळे मिटले, ते मिटलेच. जाग आली तेव्हा पहाटेचे चार, अंगावर त्यांची चादर. मावशी, ती मुलगी मला मनापासून आवडते, आणि तिच्याच घरी मी घोरलो. लाजेने मेल्यासारखं झालंय.

तुझाच,
भाचा

ता. क. मी न विचारताच होकार आलाय. पहाटे पुन्हा झोप येईना म्हणून मी त्यांची सगळी भांडी घासून, चहा करून ठेवला होता. तिच्या आई म्हणाल्या, हा मुलगा हातचा घालवू नका.

ता. क. २. बोलणी करायला तुम्ही दोघांनी यायचंच. त्यांनी रात्रीचे साडेदहा ठरवलेत. घाबरू नका, आमच्या घरात बसल्या बसल्या मान डुलली की तो होकार समजायचा, असं मी इथे सांगून ठेवलंय.