अळणी रस्सा

६ जानेवारी २००२, रविवार
ठमा मटणाचे तुकडे पाण्यात धुऊन खात होती! मी स्वयंपाकघरात तांब्या घ्यायला गेलो म्हणून दिसलं. पंचवीस वर्षांच्या संसारात ही बाई रश्श्यात वरून तिखट घालून खायची. विचारलं तर म्हणते, "तोंड आलंय." कधीपासून? "दिवाळीपासून." गालात आत पांढरा चट्टा आहे. बोट लावू देईना.

९ जानेवारी
मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासायला दिला.

१९ जानेवारी
कॅन्सर. मिश्रीने झाला म्हणाले.
दात घासायच्या त्या मिश्रीची तंबाखू वीस वर्षं मीच आणतोय. मंचरच्या बाजारातून, चांगली बघून.

२७ जानेवारी, रविवार
गुरुवारी ऑपरेशन. सकाळीच म्हणाली, "मी दवाखान्यात ऱ्हायल्यावर काय खाताल? शिका." मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस. चूल कधी पेटवली नाही.
आधी हळद-मिठात मटण शिजवायचं, त्याचं पाणी वेगळं काढायचं. ते अळणी. मग खोबरं, कांदा, लसूण भाजायचं.
"कांदा काळा होऊ द्या. अजून. घाबरताय काय?"
खोबरं जळलं. हसली, पण तोंड पुरतं उघडत नाही.
पाट्यावर वाटता वाटता बोलून टाकलं — तंबाखू मी आणत होतो.
तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "आणली तुमी. लावली मी. डोळं पुसू नका, हाताला मसाला हाये."
मी रस्सा खाल्ला, तिने अळणी. जाळ जाळ झाला होता. चांगला झाला म्हणाली — नुसत्या वासावरून!

३१ जानेवारी
ऑपरेशन झालं. गाल बराच काढला. नाकातून नळी.

३ मार्च
घरी आणून आठ दिवस झाले. बोलत नाही. तोंडावर कायम पदर. आरसा तिने स्वतःच काढून कपाटात ठेवला. तिची बहीण गोजर पिंपळवंडीहून आली आहे. "दाजी, नुसतं दुधावर कशी उभी ऱ्हाईल? अळणी पाजा." रोज वाटीभर पाजतो.
मीही अळणीच खातो. आज तिने माझं ताट ओढून घेतलं, त्यात मिरचीचा ठेचा वाढला आणि परत माझ्यापुढे सरकवलं. खाल्ला. काय करणार!

१४ एप्रिल
बोलली! अडखळत, पण कळलं. "तिखट कधी?"
डॉक्टर वर्षभर नको म्हणालेत, असं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून निजली.

८ मे, बुधवार
पुण्याला तपासणी. डॉक्टरांनी मला एकट्याला थांबवून घेतलं. "गळ्यात पसरलंय. आता ऑपरेशन करून उपयोग नाही. आता पथ्य नको, काय मागतील ते द्या."
ती बाहेर बाकावर बसली होती.
"काय म्हणलं?"
"पथ्य सुटलं."
हसली. भर दवाखान्यात, पदर बाजूला करून. "म्हंजी बरी झाले की! मग आज मटण आणा. लई तिखट करा."
मी हो म्हणालो.