मोटार न पचणारी बाई

बाबा, आज दारात मुलाची गाडी उभी आहे. जुनी झाली आहे. नुसती चालू करून ठेवली तरी आरशापासून सीटपर्यंत सगळं थरथरतं. मुलगा म्हणतो, इंजिन ज्यावर बसतं ती रबरं गेली असतील. रबर म्हटल्याबरोबर तुमच्या त्या काळ्या तेलाचा वास नाकात शिरला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता या पत्रात बोलते.

तिवशाला आपल्या घरी मोटार आली तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. कुण्या साहेबानं वापरून टाकलेली ती मोटार तुम्ही बैलबंडीसारखीच वागवली. अमावास्येला बंडी धुवायची, आखाला वंगण द्यायचं, मग मोटारीनंच काय पाप केलं? करडीचं तेल आणि इंजिनातून काढलेलं जळकं तेल डबड्यात कालवून, धोतर खोचून तुम्ही तिच्याखाली शिरायचे आणि हाताला लागेल त्याला चोपडायचे. तेच हात धोतराला पुसून जेवायला बसायचे. माय ते धोतर घासघास घासायची. मोटार मात्र दर अमावास्येला जास्तच थरथरायची. उभी असली की दातावर दात वाजायचे, रस्त्याला लागली की जरा कमी. तुम्ही प्लग पुसले, पेट्रोलवाल्याला शिव्या घातल्या.

माय तिच्यात एकदाच बसली, अकोल्याला माहेरी जायला. बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकाशी थांबलो. बंद केली तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही, म्हणून तुम्ही इंजिन चालूच ठेवलं, आणि मायला पदरातच ओकारी झाली. तुम्ही उतरून गादी पाहिलीत, तिच्याकडे नाही. "तुले मोटार पचत नाई," म्हणालात आणि तिथूनच मोटार परत फिरवलीत. मग घरात तो कायदाच झाला. अकोल्यात आजीनं अंथरूण धरलं तेव्हा माय लुगडं बदलून दारात उभी आहे, आणि तुम्ही म्हणता, "कावून तयार झाली? तुले पचत नाई ना! मी पाहून येतो." रेल्वेनं बाईमाणसानं एकटं जाणं तुम्हाला चालत नव्हतं. आजी गेली, मायला तिचं तोंड दिसलं नाही. तुम्ही मातीला जाऊन आलात आणि आल्याआल्या चहा मागितलात.

पुढे एकदा मला अमरावतीच्या कॉलेजातून घ्यायला आलात आणि मोटार मिस्त्रीकडे नेलीत. पान चघळत त्यानं बॉनेट उघडलं, तुम्हाला ब्रेक दाबून, गियर टाकून क्लच हळूहळू सोडायला लावला. इंजिन एका अंगानं उचललं गेलं आणि धपकन बसलं. मग त्यानं खालून रबर काढून दाखवलं. फुगलेला, चिकट, बोटावरून ओघळणारा गोळा होता तो.

"मालक, रबराले तेल कोन पाजलं?"

"मीच. बंडीच्या आखाले देत नाई का?"

"तेलानं रबर सडते ना जी! इंजिनाले बसाले जागाच नाई राह्यली, मंग हादरीन नाई त काय? आत बसनाऱ्याचं पोट ढवळून निघत असन."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "घरी नोको सांगू."

मी घरात पाय ठेवताच सांगितलं. मायनं भाकर थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि पुढची भाकर तव्यावर टाकली. महायुद्धामुळे नवी रबरं मिळेनात, म्हणून मिस्त्रीनं ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून बसवले होते. मोटार अगदी गप झाली. मग मामाकडे बारसं निघालं. तुम्ही अंगणात मोटार चालू केलीत आणि बॉनेटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवलात.

"पाह्य, पानी हालत नाई. बस आता."

माय ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलंसुद्धा नाही. "मले मोटार पचत नाई," म्हणाली.

तुम्ही पेला उचललात आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकलंत. माय मरेपर्यंत त्या मोटारीत पुन्हा बसली नाही. मला तुमची किळस येते बाबा, आजही येते. पण पिताना ते पाणी तुमच्या सदऱ्यावर सांडलं, आणि मला तुमची कीव आली होती. मायला ते कधी कळू दिलं नाही. तुम्हालाही कळायला नको, म्हणून हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवणार नाही, माझ्याच पेटीत राहू दे.